सरकारी मोटारीच्या पाठीवरील फळीचा निवाडा

श्री. जो पुढे चालतो त्यास नमन, जो मागे राहतो त्यास नमन, आणि दोघांचाही भार सोसणारी जी वाट, तीस साष्टांग नमन करून हकीकत लिहिली ती ऐसी. शके शहाण्णव, शतकाचा आकडा वाळवीने खाल्ला आहे, परंतु ज्या वर्षी रायाजी भालदारांची नात चंपी हिचे कान टोचिले तेच हे वर्ष, यात संशय नाही. सोनाराने उजव्या कानात तार घातली मात्र, चंपीने ऐसा टाहो फोडिला की गडावरील शिपायांनी शत्रू आला समजून वेशीचे दरवाजे लाविले, आणि निम्मे पाहुणे बाहेर राहिले, आणि दरवाजे उघडेपर्यंत आतल्यांनी जिलबी संपविली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. ज्या राज्यात हे घडले त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. एका वेशीत मूल शिंकले तर दुसऱ्या वेशीतून 'शतंजीव' म्हणावे, एवढेच ते राज्य. राज्य लहान म्हणून सरकारांची मोटारही लहान. चार माणसांची, लिंबाच्या रंगाची, पाठीस उभे दार असलेली, जीस जाणते लोक हॅचबॅक म्हणतात. आणि त्या राज्याचा दस्तूर ऐसा की सरकारांची स्वारी निघाली म्हणजे भालदाराने चांदीच्या मुठीची काठी घेऊन पुढे पायी चालावे, आणि एकवीस बिरुदे पुकारीत जावे, आणि मोटारीने त्याच्या मागून त्याच्या पावलाने यावे, जेणेकरून रयतेने उठून उभे राहावे, पागोटी सावरावी, विड्या विझवाव्या आणि भांडणे तात्पुरती थांबवावी. रायाजींचे आजे हत्तीपुढे चालले, वडील घोड्यापुढे चालले, आणि रायाजी मोटारीपुढे चालत होते. वय त्रेसष्ट. बायको निवर्तली होती, एकुलती लेक सगुणा सासरी होती, शेत नव्हते, दुसरी विद्या नव्हती. एकवीस बिरुदे आणि दोन पाय एवढीच दौलत, आणि त्यातल्या डाव्या पायाचा गुडघा मागील दसऱ्यापासून कुरकुरू लागला होता. ही गोष्ट रायाजींनी कोणास सांगितली नाही, परंतु मोटार हाकणारे चांदभाई रोज दोन हातांवरून ती पाठ पाहत, त्यांस ठाऊक होती.

मग त्याच वर्षी सरकारांचे मेहुणे शेजारच्या राज्यातून भेटीस आले, आणि तेही लहान मोटारीतून आले, आणि सर्व तशीच, परंतु मागल्या काचेवर, छताच्या कडेस, एक आडवी फळी बाहेर निघालेली. तीस त्यांचे मुलखी स्पॉयलर म्हणत. सरकार पंक्तीस बसले होते, त्यांनी खिडकीतून ती पाहिली आणि हातातली पुरणपोळी ताटात परत ठेविली. सर्वांनी जाणले की आता काही घडणार. तिसरे दिवशी मेहुणे गेले आणि चौथे दिवशी गोमाजी तांबट यांस बोलावणे आले की आमच्या मोटारीसही तैसीच फळी पाहिजे, मात्र चार बोटे रुंद अधिक. हे गोमाजी म्हणजे राजवाड्यातील हंडे-घंगाळी ठोकणारे कारागीर, आणि रायाजींचे व्याही. सगुणा त्यांचीच सून आणि चंपी दोघांचीही नात. गोमाजींनी स्पॉयलर कधी ठोकिला नव्हता, परंतु तांबटाने नाही म्हणू नये ऐसी त्यांच्या घराण्याची रीत, म्हणून त्यांनी आपल्या जेवणाचा शिसवी पाट घेतला, आणि त्यावर पत्रा मढविला, आणि पत्र्यास लिंबाचा रंग दिला, आणि मोटारीच्या छतातून चार जाड खिळे आरपार घालून आतून मुरडून टाकिले. त्या दिवसापासून गोमाजी जमिनीवर बसून जेवू लागले आणि तक्रार केली नाही. फळीस हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, लिंबू-मिरची टांगिली. रयत पाहण्यास आली आणि वाहवा म्हणून घरी गेली, आणि महिनाभर सर्व सुखात होते.

परंतु दिवाण अंताजीपंत यांस निरुपयोगी वस्तू डोळ्यांपुढे सोसवत नसे. जे कामाचे नाही ते अडगळीच्या कोठ्यात, हा त्यांचा कायदा. काटे नसलेले घड्याळ त्यांनी कोठ्यात घातले, खंदकातील दात पडलेली सुसर घातली, आणि राज्यात कोणी आजारी पडत नाही म्हणून दुसरे राजवैद्यही घातले, ते अद्याप तेथेच होते आणि सुसरीस औषध देत. तर एके दिवशी पंतांनी भर दरबारात पुसिले की या फळीचे प्रयोजन काय? सरकारांनी दरबारच्या शास्त्रीबुवांकडे बोट केले. शास्त्रीबुवांनी सात दिवस पोथ्या चाळिल्या आणि येऊन सांगितले की वानरास शेपूट असते, तेही बसताना अडचणच करिते, परंतु देवाने दिले आहे. पंतांचे समाधान झाले नाही. मग मेहुण्यांकडे जासूद धाडिला, आणि त्याने उत्तर आणिले की मोटार ताशी तीस कोसांनी धावू लागली म्हणजे वारा तिचा मागचा भाग उचलू पाहतो, तेव्हा फळी वाऱ्यास वर लोटिते आणि मोटारीस खाली दाबिते, येणेकरून मोटार उडत नाही. हे ऐकून दरबार चिंतेत पडला, कारण मोटार उडू शकते हेच कोणास ठाऊक नव्हते. पंतांनी चांदभाईंस पुसिले की आपली मोटार ताशी किती धावते? चांदभाई म्हणाले, "रायाजीबाबा धावतात तितकी." ते किती? तर ताशी सव्वा कोस. चढावर त्याहून कमी, आणि वाटेत कोणी ओळखीचे भेटले तर आणखी कमी.

तेव्हा पंतांनी टाक खाली ठेविला आणि बोलिले, "मग दोघांतून एक फुकट आहे. भालदार पुढे आहे तोवर फळीस काम नाही. फळीस काम द्यावयाचे तर भालदार नको. एक ठेवावा, एक कोठ्यात जावा." सभेत कोणी हसले नाही, कारण दुसरे राजवैद्य सर्वांस आठवले. निवाड्यास परीक्षा ठरली ती ऐसी: राजवाड्यापासून खंडोबाच्या टेकडीपर्यंत एक कोस वाट, पहिले दिवशी मोटार फळीवाचून न्यावी, दुसरे दिवशी फळीसह न्यावी, आणि घटिकापात्राने वेळ मोजावा. फळीने वेळ वाचला तर फळी खरी, न वाचला तर भालदार खरा. सर्वांनी मान डोलाविली. मग शास्त्रीबुवांनी विचारिले की परीक्षेचे वेळी भालदार पुढे असावा की नसावा? आणि पंत म्हणाले, असावा; परीक्षा झाली म्हणून दस्तूर मोडावा की काय? तेव्हाही सर्वांनी मान डोलाविली. एकटे चांदभाई बाहेर येऊन रायाजींस म्हणाले, "बाबा, शर्यत मोटारीची नाही, तुमची आहे. तुमचीच तुमच्याशी." रायाजींनी हे मनात घोळविले तेव्हा त्यांस कळून आले की राज्याचा हा निवाडा आपल्या तळपायांत आहे, आणि तळपायांस घाम फुटला.

दुसरे दिवशी सकाळी ते व्याह्यांकडे गेले. गोमाजी जमिनीवर बसून भाकरी खात होते. त्यांनी उठून गूळपाणी दिले, आणि दोघेही बराच वेळ चंपीच्या कानांविषयी बोलिले. मग गोमाजी म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचे पाय की माझा पाट, असे होऊन बसले." रायाजी म्हणाले, "पाट तुम्ही आपण होऊन दिलात. पाय मला कोणी परत ठोकून देणार नाही." "म्हणजे परवा रेंगाळणार तुम्ही." "रेंगाळणार नाही." "मग धावणार?" "या वयात?" गोमाजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बोलिले की बारशास आलात तेव्हाही तुम्ही असेच, जेवणार नाही म्हणालात आणि सोळा लाडू खाल्लेत. रायाजी म्हणाले, चौदा. इतक्यात सगुणा आतून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, "आबा, तुम्ही हळू चाललात तर मामंजींनी ठोकलेले भांडे उद्यापासून कोणी घेणार नाही. झपाझप चाललात तर तुम्ही त्या सुसरीपाशी जाल. मी कोणत्या बाजूने नवस बोलू, तेवढे सांगून जा." रायाजी काठी घेऊन उठले. वाटेने परतताना त्यांनी ठरविले की एका बिरुदास बारा पावले हा वडिलांनी घालून दिलेला हिशेब. दोन्ही दिवस तोच ठेवावा, एक पाऊल इकडेतिकडे करू नये, आणि पाय जे खरे ते बोलतील. यात त्यांचाच लाभ होता हे त्यांस कळत होते, कारण पाय सारखे पडले की फळी हरली. परंतु खरे बोलून लाभ होत असेल तर खोटे बोलावे, ऐसे शास्त्र कोठे नाही, ऐसी त्यांनी मनाची समजूत घातली. समजूत नीट बसली नाही.

परीक्षेचे पहिले दिवशी फळी काढिली. मोटारीच्या छतास चार भोके दिसू लागली, ती शास्त्रीबुवांनी पिठाने बुजविली. रायाजी बारा-बारा पावले टाकीत, 'अचलगडपालक, सप्ततलावसंरक्षक' पुकारीत चालले, आणि मोटार मागून आली, आणि दोन घटिका दहा पळे भरली. दुसरे दिवशी फळी पुन्हा खिळिली. ज्येष्ठातले ऊन, वाट तव्यासारखी तापलेली. काचा बंद करून सरकार मोटारीत, पंत आणि शास्त्रीबुवा छत्रीखाली बाजूस, आणि गोमाजी, त्यांस कोणी बोलाविले नव्हते, तरी ते मोटारीच्या मागून धुरळा खात येत होते, डोळा फळीवर. अर्धी वाट ठीक गेली. टेकडीचा चढ लागला आणि एकोणिसावे बिरुद अर्धे पुकारून झाले तेथे रायाजींचा डावा गुडघा एकदम मुडपला, आणि ते वाटेच्या मधोमध खाली बसले. चांदभाईंनी कळ दाबून मोटार थांबविली. रायाजींनी उठावयाचे केले, उठवले नाही. काठी टेकून पुन्हा केले, तेव्हा काठी मातीत गेली.

मग जो पेच पडला तैसा त्या राज्यात पूर्वी पडला नव्हता. बसलेल्या भालदारास वळसा घालून मोटार नेता येत नाही, कारण भालदार पुढेच असावा. स्वारी चालू असता भालदार उचलून बाजूस ठेविता येत नाही, कारण तो तेव्हा सरकारांचा आवाज असतो आणि आवाजास कोणी हात लावीत नाही. त्यास मोटारीत घ्यावे तर तेही नाही, कारण मोटारीचा प्रत्येक अवयव हा सरकारांचा देह, त्यास भालदाराने शिवू नये, हे मोटार आली तेव्हाच यादी करून ठरविलेले. पंत म्हणाले, उन्हे उतरेपर्यंत थांबावे. सरकारांनी आतून काचेवर टकटक केली, कारण आत भट्टी झाली होती, परंतु टकटकीचा अर्थ लावण्यास भालदार लागतो, आणि भालदार बसलेला. ऐसा एक प्रहर गेला. रायाजी मान खाली घालून बसले होते. आपला गुडघा आज सर्व राज्याने पाहिला. आता मोटार वेळेत पोहोचो की न पोहोचो, कोठा आपलाच, हे त्यांनी ओळखिले होते. घटिकापात्र सांभाळणारा पाण्यासह पुढे टेकडीवर होता, तो कंटाळून काय झाले ते पाहण्यास खाली आला, आणि मागे बकरीने ते पाणी पिऊन टाकिले, येणेप्रमाणे मोजलेला वेळही गेला.

तेव्हा चांदभाई मोटारीतून उतरले आणि शास्त्रीबुवांस म्हणाले, "यादी वाचा." शास्त्रीबुवांनी बासनातून यादी काढिली आणि वाचिली: चाके चार, दारे पाच, दिवे सहा, आरसे तीन, काच पुसणाऱ्या दांड्या दोन, कर्णा एक, इतका सरकारांचा देह. चांदभाई म्हणाले, "फळी?" शास्त्रीबुवांनी यादी उलटी करून पाहिली. फळी नव्हती. फळी मागाहून आली होती. मग पंत म्हणाले की फळी मागे आहे. भालदार फळीस धरील तर मोटार त्याच्या पुढे जाईल, त्याचे काय? शास्त्रीबुवांनी दस्तूर काढिला, त्यात 'भालदाराचा पुकारा आणि मोटार यांत अंतर पडू नये' इतकेच लिहिले होते; पुढे कोण आणि मागे कोण हे लिहिणाराने लिहिले नव्हते, कारण हत्तीच्या काळी कोणी हत्तीच्या मागे उभे राहत नसे. मोटारीजवळ येण्याचा हुकूम नसता गोमाजी मागून पुढे आले. आवाजास हात लावू नये हे त्यांस कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल. त्यांनी रायाजींच्या बगलेत हात घातला, आणि उभे केले, आणि मोटारीस वळसा घालून मागे आणिले, आणि त्यांचे दोन्ही हात फळीवर ठेविले, आणि म्हणाले, "धरा. आत पाट आहे, शिसवी. माझ्या बापाचा. मोडायचा नाही." रायाजी म्हणाले, "आणि परीक्षा?" गोमाजी म्हणाले, "बकरीला विचारू."

मोटार हळूच चालू लागली. रायाजींचा भार निम्मा फळीवर, निम्मा उजव्या पायावर, आणि डावा पाय नुसता सोबतीस. त्यांनी अर्धे राहिलेले एकोणिसावे बिरुद पुरे केले, आणि विसावे पुकारिले, आणि एकविसावे, आणि पुन्हा पहिल्यापासून. वाटेच्या कडेच्या लोकांनी पाहिले की एक लिंबाच्या रंगाची मोटार आवाजाशिवाय येते, तेव्हा ती सरकारांची असेल हे त्यांच्या मनातही आले नाही, म्हणून जो तो आपल्या कामात राहिला. मोटार गेल्यावर पुकारा ऐकू आला, तेव्हा ते उठले आणि वाकले, आणि समोर पाहतात तो फळीस लोंबकळणारे रायाजी. असे सर्व वाटेने चालले. पुढे मोटारीत सरकारांनी काच खाली केली होती, आणि त्यांस त्या दिवशी आपले राज्य प्रथम दिसले. कोतवाल पारावर घोरत होता. चौकीचा कारकून बोरूने पाठ खाजवीत होता. दोन बायका पाण्यावरून एकमेकींच्या सात पिढ्या काढीत होत्या आणि त्यात चौथी पिढी फारच चांगली होती. एक म्हातारी म्हैस हाकीत होती, ती म्हशीस व सरकारांस मिळून म्हणाली, "सरका बाजूला." सरकार सरकले. जन्मात त्यांनी उभे, वाकलेले आणि गप्प असे लोक पाहिले होते. लोक चालतात आणि बोलतात हे त्यांनी कथेतच ऐकिले होते. टेकडीवर उतरल्यावर त्यांनी खंडोबाचे दर्शन घेतले नाही, आधी मागे गेले, आणि रायाजींचे फळीवरले हात पाहिले, आणि पंतांस आज्ञा केली, "लिहा. फळीचे प्रयोजन सिद्ध. भालदार धरण्यास." पंतांनी लिहिले. वेळ किती लागला हे लिहावयाचे राहिले, आणि दोघांतून कोणीच कोठ्यात गेले नाही. संध्याकाळी सगुणेने नवस फेडिला. दोन्ही बाजूंनी बोलिली होती, म्हणून दोन नारळ फोडिले.

पुढे चार वर्षे रायाजी मोटारीच्या मागे चालिले. शेजारच्या राज्यांनी ऐकिले की तेथल्या मोटारीस फळी आहे आणि राजा सुखी आहे, तेव्हा त्यांनीही आपल्या लहान मोटारींस फळ्या ठोकविल्या, परंतु धरण्यास कोणास ठेविले नाही, आणि मग फळी कशास म्हणून अद्याप आपसांत वाद घालतात. गोमाजींस फळ्यांची इतकी मागणी आली की पेठेत पाट मिळेनासे झाले आणि जावई जमिनीवर जेवू लागले. मग ज्या वर्षी चंपीचे पुढचे दोन दात पडले त्या वर्षी, भाद्रपद वद्य द्वितीयेस, स्वारी टेकडीकडे निघाली असता चौदाव्या बिरुदानंतर मागून आवाज आला नाही. सरकारांनी आरशात पाहिले तो फळीवर हात नाहीत. मोटार थांबविली. रायाजी वाटेच्या कडेस दगडावर बसले होते, मुद्रा शांत, श्वास तेवढा वर लागलेला. सरकार स्वतः उतरले, आणि चांदभाईंच्या मदतीने त्यांस उचलून आपल्या जागी, आपल्या गादीवर निजविले, आणि शास्त्रीबुवा यादी काढू लागले तेव्हा सरकारांनी त्यांच्याकडे ऐसे पाहिले की त्यांनी ती परत बांधिली. परंतु बिरुदे अपुरी राहिली असता मोटार हलू नये हा दस्तूर, आणि उरलेली सात कोणास पाठ नाहीत. तेव्हा सरकार मागे गेले, आणि दोन्ही हातांनी फळी धरिली, आणि रोज ऐकून ऐकून जी त्यांच्या कानात बसली होती ती आपली बिरुदे आपणच पुकारू लागले. लोक सवयीने आवाजास वाकले. कोणी वर पाहिले नाही. सोळाव्यानंतर सरकारांनी 'बाभुळवनाचे धनी' म्हटले, तोच गादीवरून बारीक आवाज आला, "सरकार, त्याआधी वादळ." सरकार थांबले, आणि 'वादळापुढे न वाकणारे' पुकारिले, आणि मग बाभुळवन घेतले, आणि एकवीसही पुरी केली, आणि मोटार बारा-बारा पावलांनी टेकडीकडे न जाता रायाजींच्या दाराशी गेली.

तात्पर्य, लहान मोटारीच्या पाठीवरील फळीचा उपयोग काय ऐसे कोणी पुसेल तर सांगावे की कोणी धरणारा असेल तर आहे, नसेल तर नाही. वाऱ्याचे त्यात काही नाही. त्या फळीवर आठ बोटांचे ठिकाणी रंग गेला आहे, तो सरकारांनी पुन्हा देऊ दिला नाही. रायाजी भालदार भाद्रपद वद्य पंचमीस, दोन प्रहरी, आपल्या घरी, लेक, व्याही आणि नात जवळ असता वारले. वय सदुसष्ट.